ठेव सांभाळण्याचे शिक्षण

२० डिसेंबर १९४४ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील मिन्स्टर्ली गावाजवळच्या एका आडबाजूच्या शेतघरी न्यूपोर्ट नगरपालिकेच्या शिक्षण विभागातील एक महिला कारकून येऊन गेली. वेल्समधील या नगरपालिकेने आपल्या ताब्यातील दोन सख्खे भाऊ त्या घरी सांभाळण्यास ठेवले होते. थोरला डेनिस ओनील बारा वर्षांचा होता, धाकटा टेरेन्स त्याच्याहून लहान. परक्या घरी ठेवलेल्या मुलांची पाहणी कशी करावी, याचे कोणतेही शिक्षण त्या कारकून महिलेला मिळालेले नव्हते. तरीही मुलाची दशा पाहून तिने काढलेला निष्कर्ष अचूक होता. या मुलांना येथून ताबडतोब हलवावे, असे तिने कार्यालयाला कळवले. पुढे नाताळ आला, सुट्ट्या आल्या, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. ९ जानेवारी १९४५ रोजी मारहाण, उपासमार आणि थंडी यांनी खंगलेला डेनिस मरण पावला.

त्या घरच्या पुरुषाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांचा आणि त्याच्या पत्नीला हेळसांडीबद्दल सहा महिन्यांचा कारावास झाला. खटल्यात लहानग्या टेरेन्सने साक्ष दिली. परंतु इंग्लंडच्या जनमानसाला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. सर वॉल्टर मंक्टन यांच्या चौकशीतून असे दिसले की मुले ठेवण्यापूर्वी त्या घराची पुरेशी पारख झालेली नव्हती, आणि ठेवल्यानंतर लक्ष कोणी ठेवायचे याबद्दल न्यूपोर्ट आणि श्रॉपशायर या दोन प्रशासनांत धड उमज नव्हती. बँकेच्या हिशेबांत दोन शाखांच्या मध्ये अडकून पडलेली रक्कम असते. ही शाखा म्हणते नोंद तिकडे झाली, ती म्हणते इकडे. रक्कम वर्षभराने का होईना, जुळते. येथे मध्ये अडकलेले ते एक मूल होते.

याच घटनेच्या छायेतून अगाथा ख्रिस्ती यांनी आधी नभोनाट्य आणि मग ‘द माऊसट्रॅप’ हे रंगमंचीय नाटक लिहिले. १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालेले हे नाटक पाहणाऱ्या फार थोड्यांना त्यामागचा मुलगा ठाऊक असतो.

डेनिसच्या मृत्यूपूर्वीच हा विषय ऐरणीवर येऊ लागला होता. जुलै १९४४ मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून निराधार मुलांच्या संगोपनाविषयी चौकशीची मागणी केली होती. पुढे सरकारने केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या प्राचार्या मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आईबापांच्या घराबाहेर वाढणाऱ्या सुमारे सव्वा लाख मुलांचा प्रश्न तिच्यापुढे होता. समितीचा मुख्य अहवाल १९४६ च्या उत्तरार्धात आला आणि त्यावरून १९४८ चा बालक कायदा झाला. त्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनाला एक बालक अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पण मुख्य अहवालाची वाटही न पाहता समितीने त्याच वर्षी आधी एक अंतरिम अहवाल दिला होता, आणि त्याचा विषय एकच होता: मुले सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण. इमारती, अनुदान, कायद्याची कलमे हे सारे मागून. हा अग्रक्रम आजही विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे अशा कामाचा आरंभ बहुधा कोनशिलेपासून होतो.

त्या अंतरिम अहवालानंतर केंद्रीय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि विद्यापीठांतून अभ्यासक्रम निघाले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९४७ साली सुरू झालेल्या अभ्यासक्रमाची धुरा क्लेअर ब्रिटन यांच्याकडे होती. महायुद्धात बॉम्बवर्षावाच्या भीतीने शहरांतून खेड्यांत धाडलेल्या, कोणत्याही घरात न रुळलेल्या मुलांच्या वसतिगृहांत त्यांनी बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांच्यासह काम केले होते. पुढे ते दोघे विवाहबद्ध झाले. बालक अधिकाऱ्यांच्या पहिल्या पिढीला त्यांनी जे शिकवले त्याचे सार असे सांगता येईल की मुलासाठी निर्णय घेणाऱ्याला मुलाशी बोलता आले पाहिजे. वाचताना हे फारच साधे वाटते. परंतु आई दुरावलेल्या सहा वर्षांच्या मुलाशी, त्याला खोटा दिलासा न देता आणि रडू न देण्याची घाई न करता, अर्धा तास बोलून पाहावे म्हणजे ते किती अवघड आहे याची कल्पना येते.

चांगले मन असणे आणि मूल सांभाळता येणे यांतले अंतर दाखवणारे सर्वांत बोलके काम जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याचे आहे. युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात जॉइस काम शिकत होत्या आणि जेम्स बॉयलर व डागडुजीची कामे पाहत. अ‍ॅना फ्रॉइड यांचा तेथे एक दंडक होता. मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचे. त्यातून बॉयलर सांभाळणाराही सुटला नव्हता. ही कार्डे लिहिता लिहिता जेम्स यांची नजर घडली. पुढे त्यांनी आईपासून काही दिवस दूर राहाव्या लागणाऱ्या लहान मुलांचे चित्रपट काढले. त्यांतला १९६९ सालचा ‘जॉन’ हा पाहणे कठीण जाते. दुसऱ्या बाळंतपणासाठी आई रुग्णालयात गेली म्हणून सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिला. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, व्यवस्था स्वच्छ होती. मात्र पाळ्या बदलत असत. जॉन एकीच्या कुशीत शिरू पाहतो, तोवर तिची पाळी संपते. तो दुसरीकडे वळतो, ती दुसऱ्या मुलात गुंतलेली असते. हळूहळू तो खेळणे, खाणे सोडतो, मोठ्या टेडी अस्वलाला बिलगून पडून राहतो. नवव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा तो तिच्याकडे जात नाही.

याउलट चार मुलांना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. त्यांतली जेन जॉनएवढीच, सतरा महिन्यांची होती आणि दहा दिवस राहिली. मुले घरी येण्यापूर्वी त्यांच्या भेटी ठरवल्या गेल्या, म्हणजे घर आणि माणसे परकी राहू नयेत. मूल काय खाते, कसे झोपते, कोणत्या शब्दाला काय म्हणते हे आईकडून विचारून घेतले. आईची आठवण काढायची नाही, असे न करता तिच्याविषयी बोलणे मुद्दाम चालू ठेवले. मुलांना त्रास झालाच. तो टळत नाही. परंतु ती कोलमडली नाहीत. शिशुगृहातील परिचारिका आणि जॉइस यांच्यात मायेचा फरक होता असे कोणी म्हणू शकणार नाही. फरक होता तो एका माणसाने सतत हाताशी असण्याचा आणि काय करायचे ते आधी ठाऊक असण्याचा.

आजच्या इंग्लंडमध्ये प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला मूल सोपवण्यापूर्वी त्याची सखोल पारख होते आणि तयारीचे शिक्षण दिले जाते. ‘स्किल्स टू फॉस्टर’ हा त्यासाठी रुळलेला अभ्यासक्रम. त्यात व्याख्याने कमी आणि प्रसंग अधिक असतात. मूल रात्री उशीखाली पाव लपवून ठेवते; तुम्ही काय कराल? बहुतेक सुजाण गृहिणींचे पहिले उत्तर असते की त्याला समजावून सांगू, या घरात कशाला कमी नाही. दुसरे उत्तर असते की चादरी खराब होतील, मुंग्या येतील, म्हणून ही सवय मोडू. प्रशिक्षक मग सांगतात की ज्या मुलाने उपास काढले आहेत त्याचा पोटावर विश्वास राहिलेला नसतो. शब्दांवर तर मुळीच नसतो. त्याला त्याच्या नावाचा खाऊचा डबा द्यावा, तो त्याच्या हाताला येईल असा ठेवावा आणि रिकामा झाला की न बोलता भरावा. काही आठवड्यांनी लपवणे आपोआप कमी होऊ लागते. ज्या घरांत अन्नाची नासाडी हे पाप मानले जाते, त्या घरांतील माणसांना हे उत्तर पटायला अधिक वेळ लागेल. म्हणूनच ते मूल घरी येण्यापूर्वी कानावर पडलेले बरे.

मंजुरी मिळाल्यानंतर शिक्षण संपत नाही, खरे तर तेव्हा ते सुरू होते. ठरवून दिलेल्या सात मानकांनुसार आपल्याला काय समजले, काय जमते याचे पुरावे प्रतिपालकाने बारा महिन्यांत मांडायचे असतात. मुलाचे आजी-आजोबा, मामा-मावशी असे नातलगच प्रतिपालक असतील तर ही मुदत अठरा महिन्यांची आहे. या मानकांत मुलाची वाढ, त्याचे संरक्षण, संवाद यांच्याबरोबर स्वतःचा विकास हेही एक आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या गिलियन स्कोफिल्ड आणि मेरी बीक यांनी मांडलेली ‘सुरक्षित आधार’ ही चौकट अनेक ठिकाणी शिकवली जाते. हाकेला ओ देणे, मनातले ओळखणे, आहे तसे स्वीकारणे, बरोबरीने काम करणे आणि कुटुंबातलाच एक मानणे, अशा पाच बाजूंनी ती उभी आहे. अनेक संस्थांत प्रतिपालकाचे मानधन या शिक्षणाच्या पायऱ्यांशी जोडलेले असते. दया आणि मोबदला एका वाक्यात आले की आपल्याकडे भुवया उंचावतात. परंतु पेढीवरचा मुनीम विश्वासू असतो म्हणून त्याचा पगार कोणी कापत नाही.

या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा निरोपाचा आहे. दत्तक आणि प्रतिपालन यांतला भेद येथेच उघड होतो. दत्तक मूल कायमचे आपले होते. प्रतिपालनात मूल ही ठेव असते. आईबापांची परिस्थिती सुधारली, न्यायालयाने तसे ठरवले, तर ते परत जायचे असते, आणि दरम्यान त्याच्या मनातला आईबापांचा कोपरा प्रतिपालकांनीच झाडून-पुसून ठेवायचा असतो. ज्या बापाने मारले त्याच्या भेटीसाठी मुलाला स्वच्छ कपडे घालून नेणे आणि परतताना वाटेत त्या बापाबद्दल एक वावगा शब्द न काढणे हे नुसत्या स्वभावाच्या चांगुलपणावर निभत नाही. ते ठरवून शिकावे लागते. घरच्या स्वतःच्या मुलांचीही तयारी करावी लागते. आपली खोली, आपली आई वाटून घेण्याचा खर्च तीच सोसत असतात.

हे सारे एकट्याने पेलायचे नसते. प्रत्येक प्रतिपालक कुटुंबामागे एक पर्यवेक्षक समाजकार्यकर्ता असतो आणि मुलाचा स्वतःचा समाजकार्यकर्ता वेगळा. पहिला कुटुंबाचे ऐकतो, दुसरा मुलाचे. दोघांचे एकच माणूस ऐकत असता तर एक बाजू हमखास पडती राहिली असती. मुलाच्या समाजकार्यकर्त्याने मूल ठेवल्यापासून आठवड्याच्या आत भेट द्यायची, पुढे पहिल्या वर्षी सहा आठवड्यांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही आणि मुलाला एकट्याने भेटायचे. कुटुंबाकडे वर्षातून किमान एक भेट न कळवता होते. व्यापारी घराण्यांना अशा अचानक येणाऱ्या पाहुण्यांचा अनुभव असतो आणि तो फारसा प्रिय नसतो. तथापि न कळवता होणाऱ्या तपासणीत जे दिसते ते कळवून केलेल्या तपासणीत कधीच दिसत नाही, हे बँकेच्या कोणत्याही निरीक्षकाला विचारावे.

कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचीही साखळी आहे. नव्या समाजकार्यकर्त्यासाठी नोकरीचे पहिले वर्ष आधाराचे आणि परीक्षेचे अशा दुहेरी योजनेचे असू शकते; त्या काळात कामाचा भार कमी ठेवला जातो. नोंदणी टिकवण्यासाठी दरवर्षी काय शिकलो याच्या किमान दोन नोंदी द्याव्या लागतात, त्यांतली एक सहकाऱ्याशी चर्चा करून. बालगृहात काळजीवाहक म्हणून लागणाऱ्याने दोन वर्षांत ठरावीक पदविका मिळवायची असते. पण कागदावरच्या शिक्षणापेक्षा तेथे मोल आहे ते नियमित पर्यवेक्षण-बैठकीला. त्यात वरिष्ठ केवळ कामाचा हिशेब मागत नाही. त्या मुलाला भेटून आल्यावर तुझे काय झाले, हेही विचारतो. मुलांची दुःखे ऐकणारा माणूस आतून बधिर होत जातो आणि बधिर माणसाला डेनिसच्या अंगावरचे वळ दिसत नाहीत.

अमेरिकेतील सिएटल येथे २००४ साली सुरू झालेली आणि २०१५ पासून ब्रिटनमध्ये रुजलेली ‘मॉकिंगबर्ड’ पद्धत आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. एक अनुभवी प्रतिपालक घर केंद्रस्थानी आणि त्याभोवती सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबे. सणवार एकत्र, मुलांचे एकमेकांकडे मुक्काम आणि रात्री अकराला मूल दार आपटून बाहेर पडले तर फोन करायला हक्काचे माणूस. एकत्र कुटुंबात जे काम काकू, आत्या, आजी न सांगता करीत, ते येथे योजून उभे केले आहे.

महाराष्ट्रात मायेची परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही आठवण घराघरांत सांगितली जाते. कायद्याची चौकटही आता आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालनाची, म्हणजे फॉस्टर केअरची, तरतूद आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल कुटुंबात ठेवता येते. केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि एकट्या व्यक्तींनाही, विवाहित असोत वा नसोत, हा मार्ग खुला केला. एकट्या पुरुषाकडे मुलगी मात्र सोपवली जात नाही. दोन वर्षे मूल सांभाळल्यानंतर त्याला दत्तक घेण्याचा मार्गही त्यात आहे; पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि राज्याच्या बाल संगोपन योजनेत २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून होतो. समुपदेशन आणि पूर्वतयारी यांचा उल्लेख सूचनांत आढळतो. पण घरी मूल घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला सध्या रकमेविषयी जितके प्रश्न विचारता येतात आणि उत्तरे मिळतात, तितकी उशीखालच्या पावाविषयी मिळत नाहीत.

आणि यातला फार मोठा भाग कोणत्याही कार्यालयाच्या दारी जातच नाही. व्यापारी घरांत भाऊ अकाली गेला की पुतण्या काकाच्या घरी येतो, बहीण गेली की भाची मामाकडे. आपलेच लेकरू, त्याला कसले प्रशिक्षण, असे सहज म्हटले जाते. या वाक्यात माया खरी असते. तरीही त्याच घरात चुलतभाऊ शिकवणीला जातो तेव्हा पुतण्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, त्याच्या बापाचा भागीदारीतला वाटा कोणत्या खात्यात आहे हे त्याला पंचविशीपर्यंत कळत नाही आणि त्याच्या आईवडिलांचा विषय निघाला की ताटे वाढण्याची घाई होते. कोणाचा हेतू वाईट नसतो. इंग्लंडच्या व्यवस्थेने नातलगांना सहा महिने अधिक दिले, पण शिक्षणातून वगळले नाही. नाते जवळचे असले की जुनी देणीघेणीही जवळचीच असतात, हे तिने ओळखलेले दिसते.

त्या शिक्षणात नोंदवहीला विशेष जागा आहे. प्रतिपालकाने रोज मुलाविषयी लिहायचे असते आणि कसे लिहावे हे शिकवले जाते. ‘आज फार त्रास दिला’ असे लिहायचे नाही. शाळेतून आल्यावर दप्तर फेकले, जेवला नाही, रात्री नऊच्या सुमारास स्वतः येऊन शेजारी बसला, असे लिहायचे. काय घडले ते आधी. आपले मत असेल तर ते वेगळे आणि मत म्हणून. ज्याच्या लहानपणाचे छायाचित्र नाही, बोबडे बोल कोणी साठवलेले नाहीत, आजारपणात कोण जागले हे सांगणारे माणूस नाही, त्याच्यासाठी हीच वही लहानपण असते. बँकेची खातेवही काही वर्षांनी नष्ट करता येते. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे सांभाळलेल्या मुलाची संचिका त्याच्या जन्मापासून ७५ वर्षे जपावी लागते आणि मोठेपणी ती पाहण्यास मागण्याचा त्याला अधिकार असतो. शिकाऊ प्रतिपालकांना लिहिताना एवढेच ध्यानात ठेवायला सांगतात की हे पान एके दिवशी तेच मूल वाचणार आहे.

डेनिसचा धाकटा भाऊ टेरेन्स याने आपली कहाणी स्वतःच लिहिली. ते पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले, त्या शेतघरातल्या हिवाळ्यानंतर पासष्ट वर्षांनी.